जुळ्या प्रतिदिश प्रोपेलरच्या नौकेसाठी पिचची निवड : यवतमाळ जिल्ह्यातील जलाशय व पूरबचावकार्याच्या संदर्भात

सारांश

दोन इंजिने आणि परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे दोन प्रोपेलर असलेल्या नौकेची कार्यक्षमता इंजिनाच्या अश्वशक्तीइतकीच प्रोपेलरच्या पिचवर अवलंबून असते. पिच चुकीची निवडली गेली तर समर्थ इंजिनही भाराखाली दबते किंवा मर्यादेबाहेर फिरते. प्रस्तुत लेखात पिच, घसर, फिरण्याची दिशा व भार या संकल्पनांचे विवेचन केले असून, यवतमाळ जिल्ह्याची उंची, तापमान, गोडे पाणी आणि पूरपरिस्थिती यांचा पिचच्या निवडीवर होणारा परिणाम सोदाहरण मांडला आहे. पिचची निवड नौकेच्या सर्वाधिक वेगावरून नव्हे, तर पूर्ण भारासह मिळणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्यांवरून करावी, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

बीजसंज्ञा : प्रोपेलर, पिच, घसर, प्रतिदिश परिभ्रमण, आउटबोर्ड इंजिन, पूरबचाव.

१. प्रस्तावना

यवतमाळ जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी पाण्यापासून दूर नाही. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा व दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पैनगंगेवरील इसापूर, दिग्रस तालुक्यातील अरुणावती, पुसदजवळील पूस आणि बाभूळगाव परिसरातील बेंबळा या प्रकल्पांमुळे जिल्ह्यात विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले आहेत. मासेमारी, जलाशयांची देखरेख आणि पूरबचाव अशा तीन कारणांनी येथे नौकेची गरज भासते. पिढ्यान्‌पिढ्या डोंगा व वल्हे यांवर भागविली गेलेली ही गरज आता यंत्रचालित नौकांकडे वळत आहे.

या गरजेमागे वास्तव प्रसंग आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेड तालुक्यातील दहागाव येथे पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात राज्य परिवहन महामंडळाची बस वाहून गेली व त्यात जीवितहानी झाली. त्याच महिन्यात शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांना जलसमाधी मिळाली. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे नागरिक पुराच्या वेढ्यात अडकले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत मागवावी लागली. अशा वेळी नौका नुसती उपलब्ध असून चालत नाही. ती माणसांनी भरलेली असताना प्रवाहाविरुद्ध टिकून राहिली पाहिजे आणि एक इंजिन बंद पडले तरी काठाला लागली पाहिजे. या दोन्ही अपेक्षांचा संबंध पिचशी येतो. मात्र नौका खरेदी करताना अश्वशक्ती, आसनसंख्या व किंमत यांचा जेवढा विचार होतो, तेवढा पिचचा होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच होय.

२. लेखाची उद्दिष्टे

१) पिच, घसर व प्रतिदिश परिभ्रमण या संकल्पना स्पष्ट करणे.
२) जुळ्या इंजिनांच्या नौकेत पिचची निवड एकेरी इंजिनाच्या नौकेपेक्षा वेगळी का ठरते, हे तपासणे.
३) यवतमाळ जिल्ह्यातील भौगोलिक व हवामानविषयक घटकांचा या निवडीवरील परिणाम मांडणे.
४) निवडीची व्यवहार्य चाचणीपद्धती सुचविणे.

३. मर्यादा

प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांच्या, पाण्यावर तरंगत घसरणाऱ्या हलक्या नौकांपुरते मर्यादित आहे. उदाहरणात वापरलेले आकडे समजुतीसाठी गृहीत धरलेले असून ते कोणत्याही विशिष्ट नौकेच्या चाचणीचे नाहीत. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी इंजिन-उत्पादकाने दिलेली मर्यादा हीच प्रमाण मानावी.

४. संकल्पनांचे स्पष्टीकरण

४.१ पिच : लाकडात स्क्रू पिळला असता एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. प्रोपेलर हाही तत्त्वतः पाण्यात शिरणारा स्क्रूच होय. पाणी जर लाकडासारखे घट्ट असते, तर एका पूर्ण फेऱ्यात प्रोपेलर जितके अंतर पुढे गेला असता, त्या अंतरास पिच म्हणतात. प्रोपेलरवर सामान्यतः दोन आकडे कोरलेले असतात. ‘१४ × १७’ याचा अर्थ व्यास १४ इंच व पिच १७ इंच असा होतो. पाती अधिक तिरपी म्हणजे पिच अधिक.

पिचची तुलना वाहनाच्या गिअरशी करता येईल. कमी पिच म्हणजे पहिला-दुसरा गिअर. त्यात ओढ अधिक, पण वेगाला मर्यादा. अधिक पिच म्हणजे वरचा गिअर; त्यात मोकळ्या रस्त्यावर वेग मिळतो, परंतु चढावर भरलेली बस वरच्याच गिअरमध्ये रेटली तर इंजिन धापा टाकू लागते. नौकेत हा गिअर वाटेत बदलता येत नाही. काठावरून निघताना जो प्रोपेलर बसविलेला असेल, त्यावरच रिकामी नौका न्यावी लागते आणि त्यावरच भरलेली नौका परत आणावी लागते. निवडीचे महत्त्व यातच आहे.

४.२ घसर : पाणी घट्ट नसल्यामुळे प्रोपेलर पिचइतके अंतर प्रत्यक्षात पुढे जात नाही. सैद्धांतिक वेग व प्रत्यक्ष वेग यांतील तफावतीस घसर म्हणतात. घसर हा दोष नव्हे. पाणी मागे लोटले गेल्याशिवाय नौका पुढे जाऊच शकत नाही. हलक्या, वेगवान नौकांत घसर साधारणपणे १० ते २० टक्के असते. जड व संथ नौकांत ती याहून बरीच अधिक असते. सैद्धांतिक वेगाचे सूत्र सोपे आहे. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे भागिले गिअरचे प्रमाण, गुणिले मीटरमधील पिच, गुणिले ६०, भागिले १००० केले असता ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो.

४.३ ऐतिहासिक संदर्भ : स्क्रू-प्रोपेलरचा इतिहासही निवड ही गणिताइतकीच चाचणीची बाब असल्याचे दर्शवितो. इंग्लंडमध्ये १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन यांनी स्वतंत्रपणे पेटंट मिळविले. स्मिथ यांचा आरंभीचा प्रोपेलर दोन पूर्ण वेढ्यांचा, लाकडी होता. १८३७ मध्ये पॅडिंग्टन कालव्यावरील चाचणीत त्याचा एक भाग तुटून पडला आणि नौका मंदावण्याऐवजी अधिक वेगाने चालू लागली. पुढे एप्रिल १८४५ मध्ये ‘रॅटलर’ या प्रोपेलरच्या जहाजाने ‘अलेक्टो’ या चाकाच्या जहाजास रस्सीखेचीत मागे ओढत नेले. कागदावरची कल्पना पाण्यात तपासल्याखेरीज स्वीकारू नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

४.४ प्रतिदिश परिभ्रमण : नौकेच्या मागे उभे राहून पाहिले असता पुढे जाताना जो प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तो ‘उजव्या हाताचा’ आणि उलट फिरतो तो ‘डाव्या हाताचा’ होय. सर्वसाधारण स्क्रू ज्या दिशेने पिळला असता आत जातो, तीच उजव्या हाताच्या प्रोपेलरची दिशा असते.

एकटा प्रोपेलर नौकेला पुढे ढकलतो, त्याबरोबरच तिची पिछाडी थोडी बाजूलाही सरकवितो. शिवाय प्रोपेलरला फिरविणाऱ्या पिळाची प्रतिक्रिया म्हणून नौका एका अंगावर कलू पाहते व सुकाणू एका बाजूस ओढले जाते. एकाच हाताचे दोन प्रोपेलर बसविल्यास हे परिणाम एकमेकांत मिळतात. एक उजवा व एक डावा बसविल्यास ते परस्परांना छेदतात आणि नौका सरळ रेषेत चालते. म्हणूनच मोठ्या इंजिनांच्या जोडीत प्रतिदिश रचना केली जाते.

प्रचलित मांडणीत उजव्या बाजूस उजव्या हाताचा व डाव्या बाजूस डाव्या हाताचा प्रोपेलर असतो. दोहोंची वरची पाती बाहेरच्या दिशेने फिरतात. या मांडणीचा लाभ अरुंद जागी दिसून येतो. उजवे इंजिन पुढे व डावे मागे चालविले असता दोन्ही इंजिनांचा जोर नाळेला डावीकडे वळवितोच. शिवाय दोन्ही प्रोपेलर पिछाडीला उजवीकडे सरकवीत असल्याने त्याच वळणाला साहाय्य मिळते. पाण्यात बुडालेली झाडे, विजेचे खांब व घरांच्या भिंती यांमधून नौका जागच्या जागी वळवावी लागते तेव्हा हा गुण मोलाचा ठरतो.

येथे एक संज्ञाभेद लक्षात घ्यावा लागेल. एकाच अक्षावर एकामागे एक बसविलेले व उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर ही वेगळी रचना आहे. व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९८२ मध्ये आणलेली ‘ड्युओप्रॉप’ ही त्या प्रकारातील होय. त्या रचनेत मागच्या प्रोपेलरला पुढच्याने आधीच ढवळलेले पाणी मिळते, त्यामुळे दोहोंची घडण भिन्न ठेवावी लागते. प्रस्तुत लेखातील रचनेत दोन प्रोपेलर शेजारी-शेजारी, स्वतंत्र दंडांवर असतात. दोहोंना सारखेच पाणी मिळते, म्हणून दोहोंची पिचही सारखीच असावी लागते.

५. जुळ्या इंजिनांचे वेगळेपण

५.१ भाराची विभागणी : एकाच नौकेवर एका इंजिनाऐवजी तशीच दोन इंजिने बसविली असता पाण्याच्या विरोधाचा भार दोहोंत विभागला जातो. नौकेचा वेग वाढतो, प्रत्येक प्रोपेलरची घसर कमी होते आणि इंजिने सहजपणे वरच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे एकेरी नौकेसाठी योग्य असलेली पिच जोडीसाठी अपुरी पडते व ती काही इंचांनी वाढवावी लागते. एकेरी नौकेवरून ठरविलेली पिच जोडीला जशीच्या तशी लावणे ही पहिली सर्रास होणारी चूक होय.

५.२ एक इंजिन बंद पडल्यास : याच नियमाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जोडीसाठी निवडलेली पिच एकट्या इंजिनाला जड जाते. एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या इंजिनावर संपूर्ण नौकेचा भार येतो, वेग घटतो आणि पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतात. अशा स्थितीत थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवणे म्हणजे इंजिनाला दीर्घकाळ दाबाखाली ठेवणे होय. त्यातून अतितापन व अंतर्गत नुकसान संभवते आणि दुसरे इंजिनही गमावण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय आता एकच प्रोपेलर फिरत असल्याने पिळाचा समतोल संपतो आणि नौका एका बाजूस ओढू लागते.

दोन इंजिने असण्याचा मुख्य हेतू सुरक्षितता हा असेल, तर ही सुरक्षितता पिच ठरवितानाच विचारात घ्यावी लागते. सर्वाधिक वेग देणारी पिच घेतल्यास एका इंजिनावर परत येण्याची क्षमता घटते. म्हणून बचावनौकेत योग्य मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात इंजिने फिरतील इतपत कमी पिच पसंत करणे इष्ट ठरते.

५.३ जोडीतील समानता : एक बैल उमदा व दुसरा थकलेला असेल तर जू तिरपे होते आणि तास वाकडा जातो. प्रोपेलरच्या जोडीचेही असेच आहे. दोन्ही प्रोपेलर एकाच बनावटीचे, समान व्यासाचे, समान पिचचे, तितक्याच पात्यांचे व एकाच धातूचे असावेत. फरक केवळ हाताचा असावा. चाचणीत दोन इंजिनांच्या फेऱ्यांत लक्षणीय तफावत आढळल्यास एका बाजूची पिच बदलून ती झाकण्याचा मोह टाळला पाहिजे. वाकलेले पाते, इंधनपुरवठ्यातील दोष, इंजिनाची झीज किंवा बसविण्याच्या उंचीतील फरक हे तिचे खरे कारण असण्याची शक्यता अधिक असते.

येथे खरेदीचा एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. डाव्या हाताचा प्रोपेलर उजव्या हाताच्या इंजिनावर बसवून प्रतिदिश जोडी होत नाही. त्यासाठी इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीची रचनाच वेगळी लागते. उजव्या इंजिनावर चुकून डाव्या हाताचा सुटा प्रोपेलर चढविला गेला, तर पुढचा गिअर टाकताच ते इंजिन नौकेला मागे ढकलील आणि दुसरे पुढे. नौका जागीच गरगर फिरेल. म्हणून निविदेत ‘दोन सुटे प्रोपेलर’ असा मोघम उल्लेख न करता ‘एक उजव्या हाताचा व एक डाव्या हाताचा’ असे स्पष्ट नमूद करणे आवश्यक आहे. लहान अश्वशक्तीच्या इंजिनांत प्रतिदिश गिअरपेटी सहसा मिळत नाही. तेथे एकाच हाताचे दोन प्रोपेलर वापरावे लागतात. परंतु भारविभागणीचा व समानतेचा नियम त्यांनाही लागू पडतो.

६. यवतमाळ जिल्ह्यातील विशेष घटक

६.१ उंची : यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे ५ टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा कमी मिळाली की त्याची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने शक्तीतील ५ टक्के घट फेऱ्यांत सुमारे पावणेदोन टक्क्यांची घट घडविते. साडेपाच हजार फेऱ्यांवर ही घट जवळपास ९५ फेऱ्यांची होते. जिल्ह्यातील नदीखोरी शहरापेक्षा सखल असल्याने तेथे हा परिणाम काहीसा कमी राहील.

६.२ तापमान : विदर्भाचा उन्हाळा हा यापेक्षा मोठा घटक आहे. जानेवारीतील पहाटेचे १५ अंश आणि मे महिन्यातील दुपारचे ४३ अंश यांमध्ये हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. फेऱ्यांतील घट त्यामुळे अंदाजे ३ टक्क्यांपर्यंत जाते. हिवाळ्यात घेतलेल्या चाचणीत मर्यादेच्या अगदी काठावर असलेली नौका उन्हाळ्यात मर्यादेखाली जाणार, हे यावरून उघड होते.

६.३ गोडे पाणी : समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अंदाजे अडीच टक्क्यांनी जड असते. म्हणून मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर चाचणी झालेली नौका जलाशयात आणल्यास प्रोपेलरला किंचित कमी विरोध होतो व फेरे एक टक्क्याहून कमी प्रमाणात वाढू शकतात. उंची व उष्णता यांमुळे होणारी घट याहून मोठी असल्याने एकत्रित परिणाम फेरे घटण्याकडेच झुकतो. किनारपट्टीवरील चाचणीचा दाखला जिल्ह्यात जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, तो यामुळेच.

६.४ पुराचे पाणी : पुराच्या पाण्यात नौका पूर्ण वेगाने क्वचितच धावते. ती बहुधा प्रवाहाविरुद्ध हळू चालते किंवा एका जागी टिकून राहते. अशा वेळी घसर फार मोठी असते आणि वेगापेक्षा ओढ महत्त्वाची ठरते. कमी पिचचा प्रोपेलर या कामी सरस असतो. पुराबरोबर ओंडके, पऱ्हाटी, तारा व कडबा वाहून येतो. पात्यावर आघात झाल्यास आतील रबरी जोड सुटतो किंवा पाते वाकते. दोहोंचाही परिणाम म्हणून त्या बाजूचे फेरे व नौकेचा वेग यांतील नेहमीचे नाते बिघडते. त्यामुळे फेरेमापकाकडे लक्ष ठेवणे हे निदानाचेही साधन होय. माणूस पाण्यात असताना प्रोपेलरभोवती जाळी बसविलेली असल्यास धोका कमी होतो. परंतु जाळीमुळे विरोध वाढतो. म्हणून जाळी वापरायची असेल तर पिचची चाचणी जाळीसहच घ्यावी. जाळी असो वा नसो, व्यक्ती नौकेजवळ येताच इंजिने बंद करणे हा नियम अबाधित राहतो.

७. उदाहरण

समजा, एका बचावनौकेवर प्रत्येकी ११५ अश्वशक्तीची दोन प्रतिदिश इंजिने आहेत. गिअरचे प्रमाण २.१५ : १ असून पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० फेऱ्यांची मर्यादा उत्पादकाने दिली आहे. नौकेसोबत १७ इंच पिचचे प्रोपेलर आले आहेत. पिचमधील प्रत्येक इंचामागे फेऱ्यांत १५० ते २०० चा फरक पडतो, असा व्यवहारातील नियम आहे. येथे १७५ हा मधला आकडा घेतला आहे. १७ इंचाच्या ओळीतील आकडे जानेवारीतील चाचणीचे मानावेत. पुढील दोन ओळी त्यावरून काढलेले अंदाज आहेत.

तक्ता क्र. १ : पिच व पूर्ण थ्रॉटलवरील दर मिनिटाचे फेरे

| पिच (इंच) | दोन व्यक्ती | बारा व्यक्ती |
|---|---|---|
| १७ | ५६०० | ४९०० |
| १५ | ५९५० | ५२५० |
| १३ | ६३०० | ५६०० |

दोन व्यक्तींसह घेतलेल्या चाचणीत १७ इंच पिच निर्दोष भासते. ५६०० हा आकडा मर्यादेत आहे. पुरवठादार बहुधा अशीच चाचणी दाखवितो. परंतु बारा व्यक्ती चढताच फेरे ४९०० वर येतात, म्हणजे किमान मर्यादेखाली जातात. या वेळी नौकेचा वेग ताशी ४५ किलोमीटर असेल, तर सैद्धांतिक वेग ५९ किलोमीटर येतो व घसर सुमारे २४ टक्के ठरते. हीच नौका मे महिन्यात फेऱ्यांत आणखी घसरून सुमारे ४७५० वर येईल.

१३ इंच पिच घेतल्यास भरलेली नौका ५६०० वर उत्तम चालते. मात्र रिकाम्या नौकेत फेरे ६३०० वर, म्हणजे कमाल मर्यादेबाहेर जातात. घटनास्थळाकडे जाताना नौका रिकामी असते व चालक घाईत असतो, हे ध्यानात घेता ही निवडही सदोष ठरते.

१५ इंच पिच दोन्ही टोकांना मर्यादेत राहते. भरलेल्या नौकेत ५२५० फेऱ्यांवर सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर येतो. घसर २० टक्के धरली तर प्रत्यक्ष वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे पिच दोन इंचांनी उतरविल्याने भरलेल्या नौकेचा वेग घटत नाही. उलट इंजिन मोकळे होते आणि नौका लवकर उचल घेते. मे महिन्यातील ३ टक्के घट वजा करता फेरे ५०९० च्या जवळ राहतात. हा आकडा मर्यादेत असला तरी काठावरचा आहे. म्हणून नौका केवळ बचावासाठीच राखून ठेवलेली असेल व चालक प्रशिक्षित असतील, तर १४ इंच पिचचा विचार करता येईल. त्यात भरलेल्या नौकेला सुमारे ५४२५ फेरे मिळतात. रिकाम्या नौकेत मात्र थ्रॉटल पूर्ण न उघडण्याची शिस्त पाळावी लागते. देखरेख व बचाव अशा दुहेरी कामाच्या नौकेसाठी १५ इंच हीच निवड समतोल होय.

तीन पात्यांऐवजी चार पात्यांचे प्रोपेलर घेतल्यास पाण्यावरील पकड सुधारते, पण फेरे थोडे घटतात. त्याची भरपाई सामान्यतः एक इंच पिच कमी करून केली जाते.

८. निवडीची चाचणीपद्धती

१) चाचणी स्थिर जलाशयात घ्यावी. वाहत्या पाण्यात उपग्रहाधारित वेगमापकाचा आकडा फसवा ठरतो. नदीतच घ्यावी लागल्यास प्रवाहाच्या दिशेने व विरुद्ध अशा दोन फेऱ्यांची सरासरी काढावी.
२) पूर्ण इंधन, दोर, जीवरक्षक साहित्य आणि पूर्ण आसनसंख्येइतके वजन यांसह चाचणी घ्यावी. माणसांऐवजी मोजलेल्या वाळूच्या पिशव्या वापराव्यात.
३) दोन्ही इंजिनांचे फेरे स्वतंत्रपणे नोंदवावेत. हवेचे तापमान व दिनांक यांचीही नोंद ठेवावी.
४) फेरे मर्यादेखाली असल्यास पिच कमी व मर्यादेवर असल्यास पिच अधिक करावी. बदल नेहमी दोन्ही बाजूंना एकदम करावा.
५) पिच बदलण्यापूर्वी इंजिनाची उंची तपासावी. इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या तळाच्या नौकेत मध्यरेषेपासून दूर बसविलेली इंजिने पाण्यात कमी बुडतात व वळणावर प्रोपेलर हवा ओढतो. हा दोष पिचचा नव्हे.
६) हलक्या भारासह चाचणी पुन्हा घेऊन कमाल मर्यादा ओलांडली जात नाही, याची खात्री करावी.
७) शेवटी प्रत्येक इंजिन आळीपाळीने बंद करून एकेरी चाचणी घ्यावी. बंद इंजिन पाण्याबाहेर उचलावे. उरलेल्या इंजिनावर सुरक्षितपणे मिळणारा वेग व त्या वेळची थ्रॉटलची स्थिती नोंदवून चालकाच्या समोर लावून ठेवावी.
८) चाचणीचे क्षेत्र प्रवासी व मासेमारी नौकांपासून पूर्णतः मोकळे असावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिन-चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळून मोठी प्राणहानी झाली. चाचणी ही स्वतःच एक जोखमीची क्रिया आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

९. निष्कर्ष

१) जुळ्या प्रतिदिश प्रोपेलरच्या नौकेत पिचची निवड पूर्ण भारासह पूर्ण थ्रॉटलला मिळणाऱ्या फेऱ्यांवरून करणे शास्त्रीय ठरते. रिकाम्या नौकेची चाचणी दिशाभूल करणारी असते.
२) प्रतिदिश रचनेमुळे पिळाचा समतोल साधतो, परंतु दोन्ही प्रोपेलरची पिच समान राहिली तरच तो टिकतो.
३) जोडीसाठी योग्य असलेली पिच एकट्या इंजिनाला जड असते. सुरक्षितता हा हेतू असलेल्या नौकेत ही बाब निवडीच्या वेळीच लक्षात घेतली पाहिजे.
४) यवतमाळ जिल्ह्याची उंची व उन्हाळी तापमान यांमुळे किनारपट्टीवर योग्य ठरलेली पिच येथे जड पडण्याची शक्यता असते.

१०. सूचना

महाराष्ट्रात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर व धुळे येथे आहेत. त्या पोहोचेपर्यंतचा काळ स्थानिक साधनांवरच काढावा लागतो. त्यामुळे जिल्हा व तालुका पातळीवर नौका खरेदी करताना स्थानिक जलाशयातील भारित चाचणी ही स्वीकृतीची अट असावी. ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१’ अन्वये यंत्रचालित नौकांच्या सर्वेक्षण व नोंदणीची तरतूद आहे; त्या कागदपत्रांसोबत प्रोपेलरचा व्यास, पिच व हात यांची नोंदही ठेवावी. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी व उन्हाच्या सर्वांत प्रतिकूल स्थितीत, चाचणी पुन्हा घ्यावी. जिल्ह्यातील अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन व विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून ही चाचणी सोपविता येईल. त्यासाठी फेरेमापक, वेगमापक, तापमापक व मोजलेले वजन एवढीच साधने पुरेशी आहेत. पुराच्या दिवशी नौकेत किती माणसे बसविता येतील आणि एका इंजिनावर ती कोठवर पोहोचेल, या प्रश्नांची उत्तरे चालकाला आधीच ठाऊक असणे, हेच या चाचणीचे फलित होय.